सात वजाबाक्यांची स्कूटर

पार्किंगमध्ये माझी स्कूटर आणि बायकोची स्कूटर शेजारीशेजारी उभ्या असतात. माझी ४८३६, तिची ४८२६. एकाच आठवड्यात घेतलेल्या, रंगही एकच. सख्ख्या बहिणीच म्हणा. निदान गेल्या रविवारपर्यंत तरी माझी तशीच समजूत होती.

रविवारी लाइट गेली आणि मुलीने एक खेळ काढला. कोणतेही चार अंक घ्यायचे. उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या. मोठ्यातून लहान वजा. उत्तराचं पुन्हा तेच. असं करत गेलं की फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतो आणि मग जागचा हलत नाही. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. आमच्या सोसायटीच्या सभेसारखं. चर्चा कुठूनही सुरू करा, शेवट पाण्याच्या टाकीवर.

हा आकडा हुडकला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. संगणक नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. खडू, पाटी आणि वजाबाकीची अनावर हौस. १९४९मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. पुढे १९७५मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिलं आणि मास्तर जगभर पोचले. एका संख्याप्रकाराला त्यांनी ‘डेमलो’ नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना डेमलो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनवर सुचली. मी डोंबिवलीला वीस वर्षं गाडी पकडली. मला तिथे फक्त चौथी सीट सुचली.

६१७४च्या अंकांची बेरीज १८. तिने ६१७४ला भागलं की ३४३, म्हणजे सातचा घन, बाकी शून्य! असा नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना मास्तरांनी ‘हर्षद’ म्हटलं, आनंद देणाऱ्या. शिवाय १८, १८चा वर्ग आणि १८चा घन यांची बेरीजही ६१७४. हे मी मेणबत्तीच्या उजेडात दोनदा पडताळलं. दुसऱ्यांदा, कारण पहिल्यांदा हातचा विसरलो होतो.

मग अर्थातच स्कूटरींची पाळी आली. बायकोची: ८६४२ वजा २४६८. ६१७४. एका फटक्यात! ती नुसती हसली.

माझी: ८६४३ वजा ३४६८, ५१७५. मग ५९९४. मग ५३५५. मग १९९८. “जवळ आलं असेल,” मी म्हणालो. मग ८०८२. मग ८५३२. सातव्या वजाबाकीला, घामाघूम होऊन, ६१७४. म्हणजे जास्तीत जास्त जितका वळसा घालता येतो, तितका माझ्या गाडीने घातला होता. फरक काय, तर तिच्या दोनाच्या जागी माझा तीन!

तेवढ्यात समोरचे भाऊसाहेब मेणबत्ती मागायला आले. त्यांनी गाडीसाठी जादा पैसे मोजून ७७७७ घेतलाय, आणि ते तो कुणाला विसरू देत नाहीत. मुलीने तत्परतेने मांडलं: ७७७७ वजा ७७७७. शून्य. चारही अंक सारखे असले की ६१७४ला कधीच पोचता येत नाही, असं तिने त्यांना गोड आवाजात समजावलं. भाऊसाहेब मेणबत्ती न घेताच गेले.

माझा जीव जरा थंड झाला. पण लाइट आली तशी स्वयंपाकघरातून हाक आली, “अहो, कोथिंबीर आणता का? आणि माझी गाडी न्या. जेवायच्या वेळेपर्यंत परत यायचंय.”