पाणी जास्त होतंय

कुंडीकाका प्रत्येक सोसायटीत एक असतातच. आमचे सहकारनगरात आहेत, तुमचे डोंबिवलीला किंवा नाशकात असतील. तुमचे जीवामृताच्या पंथाचे असतील, आमचे निंबोळी पेंडीच्या. बाकी माणूस तोच. वरच्या मजल्यावर राहणारा, गच्चीची किल्ली कमरेला लावणारा, निवृत्तीनंतर खताच्या गोणीतून पुनर्जन्म घेतलेला आणि जिन्यात भेटला की ‘कसे आहात’ऐवजी ‘काल किती पडला?’ असं विचारणारा.

हे विचारताना त्यांना आपल्याकडून उत्तर नको असतं. ते त्यांच्याकडे तयार असतं. गच्चीत उघड्यावर त्यांनी एक सरळसोट डबा ठेवलाय. सकाळी त्यात फूटपट्टी बुडवून ते पाऊस मोजतात आणि डायरीत लिहितात. शिवाजीनगरच्या वेधशाळेनं १२ मिलिमीटर सांगितले आणि डब्यात १९ निघाले, तर चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही. ‘शिवाजीनगरचा पाऊस शिवाजीनगरला. माझ्या वांग्यांवर पडला तो हा!’ एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, या हिशेबानं गच्चीवर रात्रीतून किती बादल्या फुकट पडल्या हेही ते सांगतात. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर महापालिकेची पाणीपट्टी बुडवल्याचं समाधान असतं.

पुढचा पाऊस सांगायला त्यांच्याकडे तीन खाती आहेत : वेधशाळा, पंचांग आणि काकूंचा गुडघा. मृग ७-८ जूनला लागतं, त्याच्या आधीच नक्षत्राचं वाहन पाहून झालेलं असतं. बेडूक किंवा म्हैस निघाली तर स्वारी खूश. गाढव निघालं तर कुंड्यांवर पालापाचोळ्याचं आच्छादन चढतं. तिन्ही खात्यांत मतभेद झाले तर अखेरचा शब्द गुडघ्याचा. माझ्या माहितीत गुडघ्याचा अंदाज वेधशाळेहून फारसा वाईट नाही.

पण हे सगळं चालवून घेता येतं. चालवून घेता येत नाही ते काकांचं बोट.

उजव्या हाताची तर्जनी. कुंडी दिसली की ती आपोआप सरळ होते आणि दुसऱ्या पेरापर्यंत मातीत जाते. कुंडी कुणाची, तिचा मालक समोर आहे का, या गोष्टी गौण. बोट बाहेर येतं, अंगठ्यावर घासलं जातं, क्षणभर नाकाशी नेलं जातं आणि निकाल लागतो : ‘पाणी जास्त होतंय.’

पानं पिवळी पडली? पाणी जास्त होतंय. जास्वंदीच्या कळ्या गळतात? पाणी जास्त होतंय. मोगरा नुसताच माजलाय, फूल नाही? तेच. कढीपत्ता खुरटला तर मात्र ताक घाला म्हणतील, पण तेही ‘आधी पाणी तोडा’ असं बजावून. आमच्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरांकडे काका अक्कलदाढ काढायला गेले, तर तोंडात कापसाचा बोळा असताना खुणेनं त्यांनी रिसेप्शनवरच्या मनी प्लँटचं निदान केलं. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथं त्यांनी बक्षीसपात्र कुंडीत बोट घातलं. ‘हात लावू नये’ ही पाटी रखवालदारानं दाखवली. काका म्हणाले, ‘हात कुठं लावलाय?’

हळूहळू निदानाचं क्षेत्र वाढलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला तीन क्लास आणि वर घरी येणारे सर असूनही सीएची परीक्षा सुटेना. आई रडकुंडीला आलेली. काका म्हणाले, ‘वहिनी, पाणी जास्त होतंय.’ कुणाच्या जावयाला सासऱ्यांनी गाडी दिली आणि जावई नोकरी सोडून बसला : पाणी जास्त. एकदा खडकवासल्यातून विसर्ग वाढला, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि काकांनी पेपर खाली ठेवून तेच वाक्य म्हटलं. त्या वेळी त्यांच्याशी वाद घालायची सोयच नव्हती.

चीड येते ती ते बरोबर असतात म्हणून. कुंडीतली झाडं तहानेपेक्षा पाण्यानंच जास्त मरतात. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही म्हणून वरची पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं तहानलंय बिचारं. आपण आणखी तांब्याभर घालतो. झाड असं लाडात बुडून मरतं आणि आपण रोपवाटिकावाल्याला शिव्या देतो.

आता काका आणि तळमजल्यावरच्या निवृत्त बाई यांची गाठ पडली की बघावं. दोघांना शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत, किडींची आठवतात.

‘पिठ्या परत आलाय हो काका.’

‘कुठून आला?’

‘मुंग्या आणून सोडतात ना त्याला. रात्रीत तिसऱ्या कुंडीवर चढला.’

‘संध्याकाळी बघतो त्याला. लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे चार थेंब. उन्हात नको, पानं भाजतात.’

नवा वॉचमन हे ऐकत होता. पिठ्या ढेकूण ही कीड आहे हे त्याला कोण सांगणार? त्यानं रजिस्टरमध्ये लिहिलं : ‘पिठ्या नावाचा इसम रात्री वर चढतो, त्याला आणणारे वेगळे आहेत.’ सेक्रेटरींनी सीसीटीव्हीचा ठराव मांडला तो यावरूनच.

मला काकांबद्दल कधी बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी दुरुस्त होत होती, म्हणून मी दुपारी तिथं उभा होतो. दोनच्या उन्हात काकू हळूच वर आल्या. गुडघा धरत, हातात तांब्या. त्यांनी अनंताच्या कुंडीला पाणी घातलं, मग मोगऱ्याला, मग मला पाहून ओशाळल्या. ‘ह्यांना सांगू नका. अहो, उन्हात तहानली असतील की नाही?’ हे रोज चालतं म्हणाल्या. काका तेव्हा झोपलेले असतात.

संध्याकाळी काका आले. अनंतात बोट घातलं. दोन पेरं. बाहेर काढलं, अंगठ्यावर घासलं. काळी, ओली माती चिकटली होती. मी निकालाची वाट पाहिली. काकांनी बोट लेंग्याला पुसलं आणि झारी त्या दोन कुंड्या सोडून पुढे नेली.

‘या दोन राहिल्या,’ मी मुद्दाम म्हटलं.

‘त्यांना सकाळ-संध्याकाळ माझ्याकडून नाही. किती वर्षं झाली.’ मग जरा थांबून, ‘खाली बोलू नका. तिला वाटतं मला कळत नाही.’

आता आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे. सह्या झाल्या. काकांना तात्पुरती जागा मिळाली तिला कपडे वाळत घालण्यापुरती बाल्कनी आहे, तीही उत्तरेला. गच्चीवरच्या कुंड्या गेल्या महिन्यात वाटल्या गेल्या. लिंबाचं पिंप बाईंच्या भाच्याच्या शेतघरी गेलं, वांगी कुणालाच नको होती. आमच्या वाट्याला जास्वंद आली. प्रत्येक कुंडीला काकांनी चिठ्ठी चिकटवली होती, आणि तीवर काय लिहिलं होतं हे सांगायला नको. अनंत आणि मोगरा मात्र त्यांनी कुणाला दिले नाहीत. उत्तरेच्या बाल्कनीत ते फुलणार नाहीत हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

परवा बिल्डरनं नव्या इमारतीचं सादरीकरण ठेवलं होतं. लोक कार्पेट एरिया आणि पार्किंगवर तुटून पडले. काकांचा हात वर होता, तो शेवटी दिसला.

‘गॅलरीत ऊन किती तास?’

बिल्डरच्या माणसानं हा प्रश्न आयुष्यात ऐकला नव्हता. त्यानं घाईनं पोडियम गार्डनचं चित्र पडद्यावर आणलं. कारंज्यासारखं काहीतरी, बाकं, हिरवंगार लॉन.

‘खाली माती किती फूट?’

‘माती नाही काका. वॉटरप्रूफिंगचा प्रॉब्लेम होतो ना. आर्टिफिशियल लॉन आहे. एकदम इंपोर्टेड. झीरो मेन्टेनन्स.’

सभागृहात कुणीतरी ‘वा!’ म्हणालं. काका पडद्याजवळ गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते लॉन नीट पाहिलं.

‘बरं झालं,’ ते म्हणाले. ‘ह्याला तरी पाणी जास्त होणार नाही.’

बिल्डरच्या माणसानं वहीत लिहून घेतलं : ज्येष्ठ सभासदांची लॉनला पसंती.