खुलासा: मी 'क्रुक' असल्याबाबत

मेलबर्न,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. अण्णास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. नातवाने 'आजोबा क्रुक आहेत' एवढीच जबानी देऊन फोन ठेवला, आणि तेहतीस वर्षे तहसील कचेरीत दप्तर सांभाळूनही एका पैची अफरातफर न केलेल्या तुझ्या वडीलबंधूने परमुलखात जाऊन कोणता फौजदारी अपराध केला, या विवंचनेत तुला दोन रात्री झोप लागली नाही, हे वाचून वाईट वाटले. परंतु मी निर्दोष आहे की नाही हे न पुसता वकील कोण दिला हे पुसलेस, याचे त्याहून अधिक वाटले.

मला केवळ ताप होता, तोही आता उतरला. 'क्रुक' म्हणजे लबाड, असे मास्तरांनी शिकवले ते खोटे नव्हे. पण ऑस्ट्रेलियात शंभराहून अधिक वर्षे हेच विशेषण आजाऱ्यालाही लावतात. गेल्या महिन्यात शेजारचे गृहस्थ कुंपणापलीकडे पालापाचोळा गोळा करीत असता 'बायको क्रुक आहे' असे म्हणाले, तेव्हा, परस्त्रीच्या चारित्र्याविषयी तिच्या पतीपाशी मतप्रदर्शन करणे अप्रशस्त खरे, तरी मी गांभीर्याने सांगितले की, बाई मला तरी सालस वाटतात. ते बराच वेळ दाताळ्यावर टेकून उभे राहिले.

मग पाहतो तो गीझर क्रुक, मोटारीची बॅटरी क्रुक. कोणी कोणावर संतापला तर तोही 'क्रुक गेला'. येथून उत्तरेस टॅलारूक नावाचे गाव आहे. 1930 च्या दशकातील मंदीत बेकारांनी गावांच्या नावांशी यमके जुळवली, त्यांत टॅलारूकच्या वाट्याला क्रुक आले आणि बर्क गावी 'वर्क' नाही असे ठरले. उपाशीपोटी यमक सुचणाऱ्या लोकांविषयी मला आदर वाटतो.

उलगडा अखेर तुझ्या वहिनीने केला. कोथिंबीर निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली, "हे तर आपले बिघडणे! प्रकृती बिघडते, यंत्र बिघडते, पोरगा बिघडतो, आणि तुम्ही ऊठसूट माझ्यावर बिघडता." चारही अर्थ, एका दमात, आणि शेवटचे उदाहरण सप्रमाण.

माझ्या 'अटके'ची वार्ता तू घाटावरील पेन्शनरांच्या बैठकीत अद्याप पोहोचवली नसशील, अशी आशा आहे. पोहोचवली असल्यास हे पत्र तेथेच, मोठ्याने, वाचावे.

तुझा,
दादा