तिरके काका

परवा काकांच्या दाराची घंटा वाजवली. दार उघडलं, पण काका अर्धेच दिसले. एक डोळा, अर्धी मिशी, बनियनची एक बाही.

"भाऊसाहेब, दारात असे समोरासमोर काय खडे राहता? तिरके व्हा, तिरके!"

मी गेलो होतो त्यांची स्कूटर हलवायला सांगायला. ती माझ्या फाटकासमोर बरोबर ४५ अंशांत लावलेली होती.

तुमच्याही ओळखीत असा एक असेलच. निवृत्त झाल्यावर कुणी भजनी मंडळात जातो, कुणी योगवर्गात; आमचे काका रणगाड्यात शिरले. झाशीला रणगाड्यांचं अप्रूप नाही. बबिन्याची फायरिंग रेंज इथून पंचविसेक किलोमीटरवर. रेल्वेतल्या नोकरीत काकांनी मालगाडीवरून जाणारे टँक जन्मभर पाहिले, पण ताडपत्रीखाली झाकलेले. निवृत्तीनंतर मुलाच्या जुन्या काँप्युटरवर 'वर्ल्ड ऑफ टँक्स' हा खेळ सापडला आणि ताडपत्री निघाली. पंधरा विरुद्ध पंधरा, एक लढाई जास्तीत जास्त पंधरा मिनिटांची.

त्यात त्यांना जीवनाचं सार मिळालं. १०० मिलिमीटरचं पोलाद समोरून १०० मिलिमीटरच. तेच ४५ अंशांत तिरकं केलं, की येणाऱ्या गोळ्याला १४१ मिलिमीटर भेदावं लागतं. "फुकटात एक्केचाळीस मिलिमीटर!" हे ते रेल्वेचा पास मिळाल्याच्या आनंदात सांगतात.

तेव्हापासून काका कशालाही समोरून सामोरे गेलेले नाहीत. गणपतीत आरतीनंतर ग्रुप फोटो काढला, त्यात काकांचा एक कान आला. सिपरी बाजारात भाजीवाल्याशी भाव करतात तोही खांदा पुढे काढून. खोकला झाला म्हणून एक्स-रेला गेले, तर तंत्रज्ञ बिचारा चार वेळा ओरडला, "दादा, सीधे खड़े होइए!" काका म्हणाले, "सीधा खड़ा हुआ तो आर-पार दिखेगा." तंत्रज्ञाला नेमकं तेच हवं होतं.

तिरकेपणातून सुटका झाली की झुडूप येतं. खेळात झुडपाला चिकटून गोळा डागला तर झुडूप लपवत नाही. पंधरा मीटर मागे सरकून डागायचा. एका लग्नात काका श्रीखंडाच्या टेबलापासून मोजून पंधरा मीटर मागे, एका कुंडीच्या आडोशाला उभे होते. नवं पातेलं आलं आणि रांगेला वळसा घालून, बगलेवरून ते पहिल्या वाटीपर्यंत पोचले. "याला फ्लँक म्हणतात." काकू म्हणाल्या, "याला हावरटपणा म्हणतात."

पुण्याचे पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवण्याचं काम काका स्वतःकडे ओढून घेतात. राणीसाहेबांना ते पूर्ण गुण देतात. टेकडीवरचा बुरूज, बाहेर फक्त तोफेचं तोंड, धड भिंतीआड. हे 'हल डाउन'! तात्या टोप्यांना मात्र माफी नाही. "१ एप्रिल १८५८. बेतवाकाठी तात्यांकडे वीसेक हजार माणसं, इंग्रजांच्या ह्यू रोजकडे जेमतेम दीड हजार. आणि रोजनं काय केलं? दोन्ही बगलांवर तोफा आणि घोडदळ घातलं. बगला उघड्या!" पाहुणे कडक बिजली तोफेशी फोटो काढायला उभे राहतात, सरळ. काका डोळे मिटून घेतात.

एवढा सेनापती स्वतः किती लढतो म्हणाल, तर सुरुवातीला बहुधा दुसऱ्या मिनिटाला जळायचा. पण त्यांनी एक वही केली आहे, रेल्वेच्या अपघात नोंदीसारखी: तारीख, ठिकाण, मरणाचं कारण. पहिले काही महिने कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'घाई'. मग 'नकाशा पाहिला नाही'. मग 'एकटा पुढे गेलो'. हल्ली चौथ्या-पाचव्या मिनिटापर्यंत जगतात. चुकांची इतकी प्रामाणिक वही मी दुसऱ्या कुणाकडे पाहिलेली नाही, माझ्याकडे तर नाहीच.

एका रात्री साडेनऊला मी वैतागून पुन्हा स्कूटरचं सांगायला गेलो. काका हेडफोन लावून बसले होते. पुण्याहून त्यांचा मुलगा जोडीला होता. काकांनी 'याक्टपांझर ई १००' घेतला होता: १७० मिलिमीटरची अजस्र तोफ, पण एक गोळा झाडला की पुढचा भरायला वीसहून जास्त सेकंद. मला एवढं तरी कळत होतं, की चुकून बगल उघडी पडणाऱ्यानं हा टँक घेऊ नये.

गोळा सुटला. काका म्हणाले, "जेवलास का?" तिकडून काहीतरी उत्तर आलं. "डबा की बाहेरचं?" पुन्हा उत्तर. तोफ भरली. धडाम. "आईची बीपीची गोळी चालू आहे. तू ये दिवाळीला." तोफ भरली.

लढाई हरल्यावर मी विचारलं, "काका, लवकर भरणारा टँक का घेत नाही?"

"फोन केला तर तो दोन मिनिटांत 'ठेवू का?' म्हणतो," काका म्हणाले. "इथे तोफ भरेपर्यंत त्याला कुठे जाता येत नाही."

हे त्यांनी माझ्याकडे सरळ तोंड करून सांगितलं. मग वही उघडली आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बोलत होतो'.

स्कूटरचं सांगायचं राहूनच गेलं. ती अजून तिथेच आहे, तिरकी.