बेंचवर आडवं पडण्यापूर्वी

जुन्नर-आंबेगावात जिमला जाणाऱ्या माणसाला कुणी तब्येत विचारत नाही. ‘बेंच किती मारतो?’ एवढंच विचारतात, म्हणजे बाकावर पडून किती किलो ढकलतो. मंचरला चहाच्या गाड्यावर विचारतात, आळेफाट्याला एसटीची वाट बघताना विचारतात, मुलगी बघायला गेल्यावर तिचा भाऊ गच्चीत नेऊन विचारतो. म्हणून नवशिक्याने सर्वांत आधी आकडा ठरवून ठेवावा. शंभर बरा. नव्वद म्हटलं की समोरचा ‘होईल, होईल’ म्हणून पाठ थोपटतो. आकडा ठरला की तो उचलायचं नंतर बघता येतं. बरेच जण तो भाग गाळतातच.

ज्यांना गाळायचा नाही, त्यांनी पुढे वाचावं.

साहित्य: एक बाक, एक बार, प्लेटा आणि एक भरवशाचा माणूस. स्पर्धेचा बार २० किलोचा असतो. तुमच्या जिममधला किती किलोचा, हे मालकाला विचारा आणि मग काट्यावर टाकून बघा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेटही २० किलोचाच असतो. हंगामात दिवसभर ते क्रेट ट्रकवर चढवणाऱ्या माणसांना ‘बेंच किती?’ असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

भरवशाचा माणूस, म्हणजे स्पॉटर, आपल्याकडे संध्याकाळी आपोआप मिळतो. बिबट्याच्या धास्तीने उसाच्या कडेच्या वस्तीवरची पोरं अंधारात एकटी निघत नाहीत, एका गाडीवर तिघं येतात. एक आडवा पडतो, दोघं उभे. बार छातीवर अडकला तर उचलायचा, एवढंच स्पॉटरचं काम. पण तो पहिल्या रेपपासूनच, म्हणजे पहिल्या उचलीपासूनच, बाराला बोटं लावतो आणि बैलगाडा शर्यतीच्या घाटातल्या निवेदकासारखा ओरडायला लागतो. घाटात निदान सेकंद मोजतात हो! इथे कोण किती उचलतंय याचाच पत्ता नसतो. ‘सगळं तुझंच आहे, मी नुसतं बोट लावलंय,’ असं म्हणणाऱ्याच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या असतात. त्या दिवशी छातीचा व्यायाम तुमच्या नावावर जमा होतो आणि पाठीचा त्याचा होतो.

आता आडवे पडा. डोळे बाराच्या बरोबर खाली. खांद्याची पाती मागे आणि खाली ओढून बाकात रुतवा, तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवा. अंगठा बाराभोवती वळवून घ्या. अंगठा मोकळा सोडून मारणारा एक तरी ‘जुना खेळाडू’ प्रत्येक जिममध्ये असतो. त्याचा अनुभव बार हातातून निसटेपर्यंतच मोठा. मनगट मागे मोडू देऊ नका. बार छातीच्या खालच्या भागावर उतरवा, कोपर धडापासून साधारण ४५ ते ७० अंशांत. कोपरं काटकोनात फाकवून बार गळ्याकडे उतरवला की खांदे तक्रार करतात, आणि ती तक्रार पुढे वर्षानुवर्षं ऐकावी लागते. वर जाताना बार नाकासमोर सरळ जात नाही, किंचित खांद्यांकडे झुकत जातो. एकटेच असाल आणि रॅकला आडवे दांडे नसतील, तर प्लेटांना क्लिपा लावू नका. अडकलात तर बार एका बाजूला कलंडवून प्लेटा पाडता येतात. मोठा आवाज होईल, सगळे बघतील, मालक चिडेल. तुम्ही मात्र उठून घरी जाल.

इथवर येऊन एकाच पद्धतीने वर्षभर मारत राहणारेही आहेत. त्यांचा आकडा गेल्या गुढीपाडव्याला होता तिथेच असतो. कारण साध्या बेंचमध्ये चार लबाड्या सहज लपतात: छातीवरून घेतलेली उसळी, पायाचे आणि कमरेचे झटके, धडधाकट हाताने दुबळ्या हाताची चालवलेली गाडी, आणि स्पॉटरची ती बोटं. बेंचचे बहुतेक प्रकार तुमच्याकडून एखादा आधार काढून घेतात. वजन उतरतं ते त्यामुळे, आणि प्रकार कुणाला आवडत नाहीत तेही त्यामुळेच.

पहिला मान पॉज बेंचचा. बार छातीला टेकवायचा, थांबायचं, मगच ढकलायचं. थांबलं की उसळी मरते आणि तळातून वजन हलवायची खरी ताकद उघडी पडते. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत हेच चालतं. पंच ‘स्टार्ट’ म्हणतो, बार छातीवर निश्चल झाला की ‘प्रेस’, आणि हात सरळ होऊन बार स्थिरावला की ‘रॅक’. मधे ढुंगण बाकावरून उठलं तर लिफ्ट बाद. आपल्याकडे पंच नाही, म्हणून बार छातीवर असताना मनात सावकाश ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणावं आणि मगच ढकलावं. अष्टविनायकांपैकी ओझर आणि लेण्याद्री असे दोन आपल्या जुन्नर तालुक्यातच, तेव्हा वशिला आहे. ‘मोरया’पर्यंत न पोचता बार निघाला, तर तो रेप धरू नये. शंभरवाला ऐंशीवर येतो आणि त्याच संध्याकाळी त्याला खांदेदुखी आठवते, हा नेहमीचा देखावा.

यातच पुढची इयत्ता म्हणजे बार छातीला लागूच द्यायचा नाही, इंचभर वर हवेत थांबवायचा. २०१३ साली ३२७.५ किलोचा बेंच मारणाऱ्या एरिक स्पोटोच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. नवशिक्याने ओळख ठेवावी, घाई करू नये.

बार छातीवरून सुटतो पण वर हात सरळ होताना अडतो, अशी ज्यांची रड आहे त्यांनी जवळची पकड घ्यावी. यात ट्रायसेप्सवर भार येतो. जवळची म्हणजे खांद्यांच्या रुंदीइतकी. दोन्ही अंगठे एकमेकांना टेकवून मारलं की ट्रायसेप्सच्या आधी मनगटं हात जोडतात. रुंद पकडीची हौस असणाऱ्यांनाही सीमा आहे: आंतरराष्ट्रीय नियमांत दोन तर्जन्यांमध्ये ८१ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. छातीवर लाकडी फळी ठेवून तिच्यापर्यंतच बार उतरवायचा, हाही वरचा टप्पा पक्का करण्याचाच प्रकार. बैलगाडा घाटातल्या फळीफोड बक्षिसाशी त्याचा संबंध नाही, फळी फोडू नये.

फ्लोअर प्रेस जमिनीवर पडून मारतात. कोपरं भुईला टेकली की खाली जाणं संपलं, त्यामुळे खांद्यांवरचा ताण कमी होतो आणि पायांचा जोर जवळपास बाद होतो. हा बाकापेक्षा जुना. हॅकेनश्मिट नावाच्या पैलवानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जमिनीवर पडूनच सुमारे १६४ किलो ढकलले होते. तेव्हा ‘गावात चांगला बाक नाही’ ही सबब चालणार नाही.

इन्क्लाइनची गर्दी लग्नसराईच्या तोंडावर वाढते, कारण कुर्त्याच्या वरच्या दोन गुंड्यांत जे दिसतं ते यातून येतं असा समज आहे. समज फारसा चूक नाही. फक्त बाक ३० अंशांच्या आसपास ठेवा. तो ६० वर उभा केला की तुम्ही खांदे मारताय. पोलीस भरतीवाल्यांनाही तिरका ढकलण्याचा जोर गोळ्यासाठी उपयोगी पडतो. पण हिशेब ध्यानात ठेवा: पुरुषांच्या मैदानी चाचणीच्या ५० गुणांत १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, ७.२६० किलोच्या गोळ्याला १५. बेंचला शून्य. आधी पळा.

डंबेल्सबद्दल जास्त लिहीत नाही. डावा हात खोटं बोलत होता, हे पहिल्याच सेटला कळतं.

‘एवढे प्रकार कशाला? आमच्या वेळी नुसते जोर होते,’ म्हणणारे आजोबा भेटतील. त्यांच्या पाया पडा आणि नम्रपणे विचारा की तालमीत जोर तरी एकच होता का? साधे जोर, हनुमान जोर, विटांवर हात ठेवून खोल जाणारे जोर. बडोद्याहून मुजुमदार नावाच्या संपादकांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश काढला, तो एका व्यायामासाठी नव्हे. आजोबा खूश होतील आणि हनुमान जोर काढून दाखवायला सांगतील. तयारी ठेवा.

आता क्रम. आठवड्यातून एक दिवस साधा बेंच, दुसऱ्या दिवशी एकच प्रकार, तुमच्या दुखण्यावरचा. तो चार ते सहा आठवडे सोडायचा नाही. पाच-पाचचे पाच सेट, शेवटच्या सेटलाही एखादा रेप हाताशी शिल्लक राहील इतक्याच वजनाचे. सगळे नीट निघाले की पुढच्या खेपेला अडीच किलो वाढवा, म्हणजे दोन्हीकडे सव्वा-सव्वाची प्लेट. योजना बहुतेक ठिकाणी इथेच बुडते. कारण जिममध्ये वीस-वीसच्या थप्पी असतात आणि सव्वाच्या प्लेटा कुणाच्या तरी घरी दाराला अडसर म्हणून गेलेल्या असतात. ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात. नाव विचारलं जाणार नाही, आणि बेंचही विचारला जाणार नाही.