बिल फाडलं, की अपलोड केलं?

व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेलं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२० ला आली. आधी पाचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांवर ही कृपा झाली. ऑगस्ट २०२३ पर्यंत ती पाच कोटींवाल्यांपर्यंत झिरपली. इतर सरकारी कृपा एवढ्या वेगाने झिरपत नाहीत.

भोसरीतला एखादा कारखाना घ्या. टेम्पो माल भरून उभा, ड्रायव्हर तिसऱ्या चहावर, आणि अकाउंटंट पोर्टलची मनधरणी करतोय. बिलाचा नंबर शून्याने सुरू झालेला चालत नाही. शेटजींनी तर नवं वर्ष हौसेने ००१ पासून सुरू केलेलं. ते निस्तरलं, तर गिऱ्हाइकाचा पिनकोड राज्याशी जुळेना.

शेवटी चौसष्ट अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर कोड उमटतो. मग दर चुकल्याचं लक्षात येतं.

चोवीस तासांत बिल रद्द करता येतं, पण तो नंबर कायमचा बाद. मुदत टळली, की क्रेडिट नोट काढा. सॉफ्टवेअर विकणारा ‘एका क्लिकचं काम’ म्हणाला होता. तो आता फोन उचलत नाही.

रोखीने चार स्क्रू नेणाऱ्या किरकोळ गिऱ्हाइकाच्या बिलाला आयआरएन लागत नाही. ड्रायव्हर म्हणतो, मग सगळा माल त्यालाच द्या की!