अव्वल ॲनालिस्ट

(रंगमंचावर एकच खुर्ची. गळ्यात आयकार्ड घालून तो येतो. खुर्चीभोवती फेरी मारतो, बसता बसता थांबतो.)

नको. उठवतील. दोन वर्षांत चार खुर्च्या झाल्या, मंडळी! खुर्ची जरा गरम झाली की उठायचं. याला म्हणतात फायनान्स रोटेशनल प्रोग्रॅम. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी ही पद्धत रुजवली. सहा-सहा महिन्यांच्या चार बदल्या, आणि शेवटी म्हणे तुमच्यातून नेता बाहेर पडतो.

बाबा महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. (चष्मा नाकावर ओढून) "बदली? ती रद्द करायला आम्ही मुंबईला खेटे घालायचो. आणि तू तीन मुलाखती देऊन चार घेतल्यास?"

पहिली बदली चाकणला, प्लांट कॉस्टिंग. 31 मार्च, स्टॉकची मोजणी. मी एमबीए फायनान्स, डोक्यावर हेल्मेट, पुढ्यात नटांचं पिंप. बसलो मोजायला! साडेतीनशेपर्यंत पोचलो, तेवढ्यात स्टोअरवाले काका आले. "साहेब, शंभर नट काट्यावर टाका. मग अख्खं पिंप टाका. भागाकार करा आणि चहाला चला." एमबीएच्या फीमध्ये हे नव्हतं.

मग इंटर्नल ऑडिट. मी कँटीनमध्ये बसलो की टेबल रिकामं. मग ट्रेझरी. डॉलर शिंकला की आमच्या साहेबांना सर्दी.

आणि शेवटी बजेट! इथे खरी विद्या. विक्रीवाल्याला शंभर येणार असतील तर तो ऐंशी सांगतो. खर्चवाल्याला ऐंशी लागणार असतील तर तो शंभर मागतो. आपण दोघांकडे बघून हसायचं, पहिल्याचा आकडा वाढवायचा आणि दुसऱ्याला कात्री लावायची. माझी कात्री इतकी चालली की साहेबांनी सगळ्यांना मेल टाकला. त्यात माझं नाव ठळक अक्षरांत!

(खुर्ची ओढतो. समोर कोणी बसलंय असं धरून, उभ्यानेच.)

प्रोग्रॅम संपला. एचआरच्या मॅडमपुढे उभा राहिलो. मनात 15 लाख, तोंडाने 18. विद्या शिकलोय ना! टायटल? मॅनेजर.

मॅडम गोड हसल्या. "आम्ही टायटल मानत नाही. रोल मानतो."

"मग मॅनेजर लिहून टाका, मानू नका."

"तसं नाही. टायटल बँडला बांधलेलं असतं."

"आणि पगार?"

"तोही बँडलाच."

आमच्याकडे बँडला फक्त घोडा बांधतात. नवरदेव निदान वर बसतो.

"तुम्ही सीनियर ॲनालिस्ट. 12 लाख. बँडच्या अगदी खालच्या टोकाला आहात, म्हणजे बघा, वाढायला किती वाव आहे!"

मी म्हटलं, "मॅडम, 12 हा आकडा आला कुठून?"

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. बजेटची शीट. ओळ क्रमांक 214: 'प्रोग्रॅम पूर्ण करणारे, पगार.' आधीचा आकडा 15. खोडून 12. शेजारी शेरा: 'इथे बचतीला वाव आहे.' आणि शेऱ्याखाली...

(आयकार्ड उचलून प्रेक्षकांना दाखवतो.)

अहो, 300 ओळी होत्या! नावं कोण वाचतं?

घरी आलो. बाबांनी पेन्सिल घेतली. "12 लाख म्हणजे महिना लाख." म्हटलं, थांबा. बेसिक निम्मं, 6 लाख. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, 72 हजार, तो माझ्याच 12 लाखांत. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, 28,860. व्हेरिएबल 1 लाख 20 हजार. माझा पीएफ आणखी 72 हजार. व्यवसाय कर वर्षाला 2,500. इन्कम टॅक्स नव्या पद्धतीत शून्य, तेवढी सरकारची कृपा. हातात महिना 75,387.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "ही ग्रॅच्युइटी कधी मिळते?"

"पाच वर्षं टिकलो तर."

"आणि व्हेरिएबल?"

"कंपनीचं बरं चाललं तर."

"म्हणजे न मिळालेले पैसे धरून पगार सांगतात? आम्ही असं केलं असतं तर निलंबन झालं असतं." मग हळूच, "सीनियर ॲनालिस्ट म्हणजे वरिष्ठ लिपिक. अरे, मी निदान अव्वल तरी होतो!"

तेवढ्यात साताऱ्याहून आत्याचा फोन. तिला माझ्यासाठी स्थळ बघायचंय. "काय झालास रे?" "ॲनालिस्ट." "अगं बाई! रक्त-लघवी तपासतोस?" तिच्या पुतण्याला खाजगी बँकेत लागून वर्ष झालं, डेप्युटी मॅनेजर! पगार माझ्यापेक्षा कमी. पण पत्रिकेबरोबर पेस्लिप कोण जोडतं?

आणि सोमवारी माझ्या शेजारच्या खुर्चीत बाहेरून एक मुलगा आला. टायटल मॅनेजर. पगार 17 लाख. मंथ-एंड कसा करतात ते त्याला मी शिकवतोय. मी विचारलं, "तुला 17 कसे दिले?" म्हणाला, "18 मागितले होते."

(पहिल्यांदाच खुर्चीवर बसतो. पुढे वाकून, हळू आवाजात.)

मंडळी, तुमच्यात कोणाच्या कंपनीत जागा असेल तर प्रयोगानंतर विंगेत भेटा. टायटल मॅनेजर हवं, पगाराचं बघू. नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे, तेवढे दिवस खुर्ची धरून ठेवा. आणि आत्याचा फोन आला तर सांगा, झाला म्हणून.

(अंधार.)