जड पेडलाचे निदानकार

मोटारसायकलच्या मागच्या ब्रेकचे पेडल जड झाले म्हणजे गाडीच्या मालकाला न विचारता आणि फिटरच्या परवानगीवाचून जो गृहस्थ त्या पेडलावर आपला पाय ठेवतो, त्याची ओळख तालुक्याच्या कोणत्याही गावी वेगळी करून द्यावी लागत नाही. गॅरेज त्याचे नसते, गाडीही त्याची नसते, आणि पुष्कळदा तो घरून निघालेला असतो तो शेजारच्या गिरणीतून दळण आणण्यासाठी. तरीही बाकड्याच्या टोकाची जागा वर्षानुवर्षे त्याचीच असते. प्रस्तुत विवेचनापुरते त्याला आबा म्हणणे सोयीचे, कारण सांगली-कराडच्या कृष्णाकाठी त्याला बहुधा आबाच म्हणतात.

पेडल जड होणे ही तक्रार दिसते तितकी किरकोळ नाही. ड्रम ब्रेकमध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आत दोन अर्धगोल ब्रेक शू बसवलेले असतात त्या रचनेत, पेडल दाबले की एक लांब रॉड ओढला जातो, रॉड चाकाजवळची आर्म फिरवतो, आणि त्या आर्मला जोडलेला कॅम, म्हणजे टोकाशी चपटा केलेला लोखंडी दांडा, दोन्ही शू फाकवून ड्रमला घासवतो. यात पेडल ज्या आसावर फिरते तो आस आणि कॅमचा दांडा ही दोन ठिकाणे ग्रीसवाचून कोरडी पडतात, आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी मळलेल्या रस्त्यावरचा चिखल पावसाळाभर आत जाऊन बसला की तेथे गंज धरतो. मग पेडल दाबायला जोर लागतो एवढेच नव्हे, तर ते वेळेवर परतही येत नाही. ब्रेक थोडा लागलेलाच राहतो, ड्रम तापतो, अ‍ॅव्हरेज घटते, आणि मागचा लाल दिवा भरदिवसा पेटलेला राहिल्यामुळे ओलांडून जाणारा प्रत्येक जण ओरडून काहीतरी सांगतो, जे हेल्मेटमधून ऐकू येत नाही.

या दुखण्याच्या निदानाची रीत सोपी आहे. रॉडच्या टोकाचा नट काढून रॉड आर्मपासून सोडवावा आणि पेडल पुन्हा दाबून पाहावे; हलके लागले तर दोष चाकाकडे, तसेच जड राहिले तर दोष पेडलाच्या आसाकडे. आबांना ही रीत फिटरइतकीच ठाऊक असते. मात्र त्यांची निदानपद्धती तेथून सुरू होत नाही. पेडल एकदा दाबून, डोळे मिटून, ते पहिला आणि मूलभूत प्रश्न विचारतात : "आधी कुणाकडं टाकली होती गाडी?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर असू शकत नाही, हे अनुभवी गाडीमालकांना माहीत असते. स्टँडजवळच्या फिटरचे नाव सांगितले तर "ग्रीस लावलं असंल त्यानं, पण मनापासून न्हाई," असा शेरा मिळतो. कुणाकडेच टाकली नव्हती असे सांगितले तर तेच कारण ठरते. आणि "हितंच टाकली होती की, आबा, तुमच्या समोर," असे कुणी धीर करून म्हटलेच, तर त्या दिवशी आबा लग्नाला गेलेले असतात. नातवाला गणितात कमी गुण पडले तर शिकवणी आधी कुणाकडे होती, नळाला पाणी आले नाही तर पाइप आधी कुणी टाकला होता, हेही त्यांना प्रथम जाणून घ्यायचे असते. ब्रेक डाव्या आणि गिअर उजव्या पायाशी असलेली जुनी बुलेट गॅरेजमध्ये आली, तेव्हा ती कारखान्यातूनच तशी निघाली आहे हे मान्य करूनही, हे उलटे काम कुणाकडचे, असे विचारल्याशिवाय त्यांना राहवले नाही. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेकप्रणाली किंवा एबीएस सक्तीचे झाले. यांपैकी पहिल्या प्रकारात मागचे पेडल एका केबलने पुढचा ब्रेकही ओढते, त्यामुळे जडपणाचा संशय त्या केबलवरही घ्यावा लागतो. आबांनी या सुधारणेचे मनापासून स्वागत केले, कारण आता तोच प्रश्न मागच्या चाकासाठी एकदा आणि पुढच्यासाठी पुन्हा विचारता येतो.

एवढे झाल्यावर नाइलाजाने नोंदवावे लागते, की प्रश्न अगदीच निरर्थक नाही. गंज सोडला तर जड पेडलाची कितीतरी कारणे मागच्या हाताने केलेली असतात : कुणी नट वाजवीपेक्षा जास्त आवळलेला असतो, कुणी शू बदलताना कॅम कोरडाच बसवलेला असतो, आणि डिस्क ब्रेकमध्ये कुणी ब्रेक ऑइलच्या जागी हाताशी असलेले इंजिन ऑइल ओतल्यामुळे मास्टर सिलिंडरमधली, म्हणजे पेडलाचा दाब तेलाला देणाऱ्या नळकांड्यातली, रबरी सीले फुगून पिस्टन अडकलेला असतो. वैद्यही नाडी धरून पूर्वीचे औषध विचारतोच. शिवाय प्रश्न विचारून झाला, की आबा बाही सारून स्वतः चाक काढतात, कॅमचा दांडा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करतात, ग्रीसचा पातळ हात देतात आणि जास्तीचे ग्रीस पुसून घेतात, कारण ते शूच्या लायनरपर्यंत पोचले तर ब्रेक लागणारच नाही. फिटर हे सारे मुकाट्याने करू देतो आणि मजुरी स्वतः घेतो. आबा चहा घेतात. दळण गिरणीतच राहते.

अलीकडे आबांच्या स्वतःच्या गाडीचे पेडल जड झाले. फिटरने रॉड सोडवला, पेडल बोटाने दाबून पाहिले, आर्म हाताने फिरवून पाहिली, दोन्ही अगदी मोकळी लागली, तेव्हा तो काही न बोलता रॉड पुन्हा जोडू लागला. आबांनाही ती रीत ठाऊक असल्यामुळे वेगळे सांगावे लागले नाही. पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी त्यांचा गुडघा दोन्ही हातांनी वाकवून पाहिला आणि, आधी कुणाला दाखवले होते, असे विचारले. त्यावर आबा पहिल्यांदाच खाली पाहून "कुणालाच न्हाई" म्हणाले, असे त्यांच्यासोबत गेलेला मुलगा सांगतो. फिटरने नंतर पेडलाचा बोल्ट फिरवून ते थोडे खाली घेऊन दिले, म्हणजे पाय फार उचलावा लागू नये, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.